औंधच्या डोंगरावरची चित्रं

मुलांनो, सहल म्हटलं की तुम्ही काय ओरडता ते मला ठाऊक आहे. महाबळेश्वर! नाहीतर समुद्र! गेल्या हिवाळ्यात माझी चौथीची मुलंही तेच ओरडली. मी म्हटलं, "औंधला जाऊ." सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

आमची शाळा सांगली जिल्ह्यात, पलूसजवळ. औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आज जिल्हे दोन, पण पूर्वी हा मुलूख एकाच राजाचा. ७२ गावांचं छोटंसं औंध संस्थान! १९१० साली आमच्याकडची किर्लोस्करवाडी वसली, तिला जागा दिली ती याच राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे ते हेच. आणि स्वतः चित्रकार बरं का!

गावात त्यांचा राजवाडा आहे. पण जमवलेली चित्रं त्यांनी वाड्यात कुलपात ठेवली नाहीत. यमाईच्या डोंगरावर, देवीला जाणाऱ्या वाटेवर १९३८ साली संग्रहालय बांधलं. म्हणजे नारळ घेऊन निघालेला शेतकरीही राजा रविवर्म्याची चित्रं बघणार!

मी स्वतः लहानपणी तिथं गेले होते. पण काय पाहिलं? पुढच्या मुलीची वेणी! "रांगेत चला, हात लावू नका," आणि पंधरा मिनिटांत बाहेर. म्हणून या वेळी मी सांगितलं, प्रत्येकानं एकच चित्र निवडायचं आणि त्याच्यासमोर थांबायचं.

आत गेल्यावर आधी छताकडे बघा. उजेड वरून येतो, हलका. ऊन थेट चित्रावर पडलं तर रंग उडतात, शिवाय डोळ्यांवर तिरीप येते. म्हणून ही युक्ती.

सगळ्यात जास्त गर्दी झाली ती 'आई आणि मूल' या शिल्पापाशी. ते घडवलं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं. जगातल्या मोठमोठ्या शहरांत याची शिल्पं आहेत, आणि एक आपल्या औंधात! मुलं आधी हसलीच. "बाई, ही कसली आई? आपल्या आईसारखी दिसतच नाही!" मलाही पटकन उत्तर सुचेना. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "बाळाला धरलंय की तिनं."

बाहेर पायरीवर डबे उघडले. समोर कोरडा माळ. एकानं विचारलं, "बाई, इथं तर पाऊस कमी. मग राजानं चित्रांवर पैसे का घातले?" प्रश्न खरा होता. मी त्याला एवढंच सांगितलं, की याच राजांनी १९३९ साली राज्यकारभारही प्रजेच्या हाती दिला होता. त्याचं समाधान झालं नाही. तुम्हांला काय वाटतं? घरी आई-बाबांशी बोला, आणि जमलं तर त्यांना घेऊनच जा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाता येतं. निघण्याआधी संग्रहालयाची वेळ मात्र विचारून घ्या.

परतताना एसटीत गाण्यांच्या भेंड्या रंगल्या. एक मुलगी तेवढी वहीत डोकं घालून बसली होती. दर धक्क्याला रेघ हलायची, ती खोडायची. शेवटी माझ्याकडे वही सरकवून म्हणाली, "बाई, आईला नाक काढू की नको?"