कोयनेच्या पाण्यावर, लाँचने

आपल्याकडे सुट्टी लागली की घरोघरी तीच नावे निघतात: महाबळेश्वर, पाचगणी, फार तर कासचे पठार. पण कासवरून रस्ता तसाच पुढे बामणोलीकडे उतरतो आणि काठावर येऊन थांबतो. समोर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला असतो. पुढे जायचे तर लाँच हवी.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरची नऊ माणसे फज्रची नमाज उरकून सांगलीहून निघालो. कराड, सातारा, कास असे करत बामणोलीला पोहोचेपर्यंत ऊन चांगले वर आले होते. साताऱ्यापासून बामणोली 35 ते 40 किलोमीटर आहे. रस्ता वळणांचा असल्याने वेळ थोडा जास्तच धरावा. काठावर बोट क्लब आहे. लाँच पूर्ण ठरवावी लागते, म्हणून मोठ्या कुटुंबाला ती परवडते. ज्यांना वासोटा किल्ल्यावर जायचे असते ते येथूनच वनखात्याची परवानगी घेऊन निघतात. सुमारे दीड तास लाँच आणि मग जंगलातली खडी चढण. अम्मीचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही तापोळ्याच्या बाजूची फेरी घेतली.

डिझेलचे इंजिन धडधडू लागले आणि काठ मागे सरकला. पाण्यात घुसलेल्या डोंगराच्या सोंडा दुरून बेटांसारख्या दिसतात. जवळ गेल्यावर कळते की ही डोंगरांची वरची अंगे आहेत, खालची पाण्यात आहेत. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहत हेळवाकपर्यंत येते आणि तेथे पूर्वेला वळते. त्या वळणाशी, कोयनानगरला, धरणाची भिंत आहे. तिच्यामागे 105 टीएमसी पाणी साठते. तापोळ्याजवळ सोळशी नदी येऊन मिळते, तेथे पाणी एवढे रुंद होते की मुले गप्प बसून बघतच राहिली. जुहरची नमाज आम्ही एका काठावर चटई अंथरून अदा केली आणि तेथेच डबे उघडले.

परतताना लाँचवाल्याने विचारले, "काठावर एक आजी उभ्या आहेत. घेऊ का?" आजी चढल्या. हातात पिशवी, पिशवीत साखरेच्या आजाराची चिठ्ठी. औषध आणायला निघाल्या होत्या. अम्मीने त्यांना नानखटाई देऊ केली, मग हसून डबा परत झाकला. दोघींचे दुखणे एकच निघाले. गप्पा सुरू झाल्या.

अम्मीने विचारले, "मावशी, गावाला रस्ता नाही का?"

"हाय की," आजी म्हणाल्या. "पाण्याखाली हाय."

त्या हसल्या, पण आम्हाला हसता आले नाही. आम्ही ज्याला सहल म्हणत होतो तो त्यांचा रोजचा रस्ता होता. दवाखाना, बाजार, वरच्या वर्गाची शाळा, लेकीचे सासर, सगळे पाण्यापलीकडे.

कोयनेचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले आणि 1960 च्या दशकात पाणी चढले. खोऱ्याच्या तळाशी असलेली घरे, शेते आणि गावागावांना जोडणाऱ्या वाटा बुडाल्या. अनेक कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत हलवली गेली. काही जण डोंगरावर सरकून तेथेच राहिले. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने याच भागाला पुन्हा हादरवले. पुनर्वसनासाठी धरणग्रस्तांना दोन-तीन पिढ्या झगडावे लागले आहे. त्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि वीज बनते. उरलेले कराडला कृष्णेत मिसळून आमच्या सांगलीला येते. आमच्या घरातला दिवा आणि नळ, दोन्हींत त्या खोऱ्याचा वाटा आहे.

ग्रीस देशात नाक्सॉस आणि अमोर्गोस या बेटांच्या मध्ये अगदी छोटी बेटे आहेत. जगभरचे लोक तेथे बोटीने फिरायला जातात. पण हिवाळ्यात, पर्यटक नसतानाही, त्या बेटांकडे फेऱ्या चालू राहाव्यात म्हणून तेथील सरकार तोट्यातल्या मार्गांना पैसे देते. बोट हा रस्ता आहे, हे मान्य केले की तो रस्ता चालू ठेवणे हे सरकारचे काम ठरते. आपल्याकडेही हा हिशोब असाच व्हायला हवा. तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचे काम हाती घेतले गेले आहे. पण सगळीच गावे काही त्या पुलाजवळ नाहीत.

सांगलीकरांना नाव नवी नाही. 1929 साली आयर्विन पूल झाला, त्याआधी सांगलवाडीला जायचे तर होडीच होती. पूर आला की आजही आपण त्याच पुलाजवळची पातळी विचारतो. 2019 साली पाणी तेथे 57 फुटांवर गेले. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसे होती. स्त्रिया-मुलांसह अनेकांचा जीव गेला. कृष्णाकाठच्या माणसाने ही गोष्ट कुठल्याही पाण्यावर विसरू नये.

म्हणून बामणोलीला जरूर जा, पण काही गोष्टी पाळा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी, मुलांनी आणि बुरख्यातल्या स्त्रियांनीही, पट्टे नीट बांधून घालावे. "एक-दोघे आणखी बसतील" असे लाँचवाल्याला कधी म्हणू नका. ऊन उतरायच्या आत काठाला या, कारण संध्याकाळी वारा वाढला तर लाँच हलते. प्लास्टिक परत आणा, हा परिसर अभयारण्याचा आहे. जेवण, मध, तांदूळ शक्य तितके तेथील माणसांकडूनच घ्या आणि भाड्यात फार घासाघीस करू नका. आणि काठावर कोणी पिशवी घेऊन उभे दिसले, लाँचमध्ये जागा असली, तर लाँचवाल्याने विचारण्याची वाट बघू नका. आपणच म्हणावे, "थांबा, त्यांना घेऊ या."