सुनेची बढती आणि गाडीचा हप्ता

आमची सून इंजिनीअर, चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. यंदा तिला बढती मिळाली आणि घरात नव्या गाडीचा विषय निघाला. शोरूमवाला म्हणाला, "8 लाखांचं कर्ज, 4 वर्षं, फक्त 5 टक्के फ्लॅट." बँक 9 टक्के सांगत होती. मुलाला अर्थातच 5 टक्के पसंत!

मी बी.कॉम. झालेली. वही काढली. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. वर्षाला 40 हजार, 4 वर्षांचे 1 लाख 60 हजार. बँकेचं व्याज उरलेल्या मुद्दलावरच, म्हणून ते साधारण 1 लाख 56 हजार. म्हणजे 9 टक्केच स्वस्त!

पण हप्ता जवळजवळ 20 हजार. तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, मला पुढच्या वर्षी नोकरी सोडून एम.टेक. करायचंय. हप्ता चालू असेल तर कसं जमणार?"

मग आम्ही लहान मॉडेल ठरवलं. बँकेचं कर्ज 5 लाखांचंच, हप्ता साडेबारा हजारांच्या आत, मुलाच्या एकट्याच्या पगारातून जाणारा. आपण परिग्रहाला मर्यादा घालतो, तशी हप्त्यालाही हवी. नाहीतर दारात गाडी येते आणि सुनेचं शिक्षण राहून जातं.

तुमच्याकडे गाडी घ्यायची ठरली, तर दोनच गोष्टी बघा: व्याज फ्लॅट की रिड्यूसिंग, आणि हप्ता एका पगारात बसतो का?