पिकअपचा गंज आणि मावशींचा पाय

आजची नोंद पिकाची नाही, पिकअपची आहे.

गेल्या आठवड्यात कांदा भरत होतो. गोण्या सरळ करायला मावशी हौद्यात चढल्या आणि कोपऱ्यात पाय ठेवताच पत्रा खचला. पाय गुडघ्यापर्यंत खाली! फाटलेल्या पत्र्यानं पोटरी चिरली. दवाखान्यात नेलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मावशी म्हणतात, "जाऊ द्या दादा, जुनी गाडी आहे." पण चूक गाडीची नव्हती, माझी होती.

त्याच कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी रंगाला फोड आले होते. पेंटर तेव्हाच म्हणाला होता, पत्रा कापून बदलावा लागेल. मीच म्हणालो, "सीझन आहे, लांबी भरून रंग मार." वरून गाडी चकाचक झाली, आतून गंज चालूच राहिला. लांबी भोक बुजवते, वजन पेलत नाही.

काल गॅरेजला हौद्यातलं मॅट उचललं. खाली सांडलेल्या खताचा ओला चिखल, पाणी जायची भोकं मातीनं गच्च बुजलेली. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यात जवळपास निम्मं क्लोराइड. मिठासारखंच ते पत्रा खातं. युरिया हवेतला ओलावा ओढतो. वर मॅट, म्हणजे वाळायचं नावच नाही. जमिनीचा ईसी आपण तपासतो, पण तेच क्षार रोज गाडीत सांडतात तिकडे बघत नाही.

मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरनं सगळा पत्रा ठोकून पाहिला. चांगल्या जागी टणटण वाजतं, सडलेल्या जागी भद्द आवाज येतो, कधी टोकच आत जातं. दिसायला भोक वीतभर होतं, कापावं लागलं दोन हात. कारण चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, गंजावर वेल्डिंग धरत नाही.

कामाआधी बॅटरीचे टर्मिनल काढले. डिझेलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते पाहून आड पत्रा लावला, पाण्याची बादली जवळ ठेवली. जुन्याएवढ्याच जाडीचा पत्रा घेतला. वेल्डिंग सलग ओढलं नाही. इथं एक टाका, तिथं एक टाका, मधे थंड होऊ दिलं, नाहीतर पत्रा वाकडा होतो. मग ग्राइंडर, आणि रेड ऑक्साइड दोन्ही बाजूंनी. खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडली तर गंज तिथूनच परत येतो. सांध्यात सीलर भरला, शेवटी रंग.

पत्रा, मजुरी, रंग धरून साडेअकरा हजार गेले. दोन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यापुरतं काम दीड-दोन हजारात झालं असतं. मावशींची मजुरी टाके निघेपर्यंत चालू ठेवली आहे. ते काही मी उपकार करत नाही.

आता घरात नियम केलाय: खत उतरवलं की हौदा त्याच दिवशी धुवायचा, भोकं तारेनं मोकळी करायची, मॅट उन्हात टाकायचं. बारदान, ताडपत्री ओली ठेवायची नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आज मॅट उचलून कोपरे ठोकून बघा. कोणी वर चढायच्या आधी.