थांबा, पुढचं मॉडेल येतंय!

माझा जुना लॅपटॉप रात्री दोन वाजता बंद पडायचा. अगदी ठरवून! दिवसभर ई-मेल, एक्सेल, यूट्यूब सगळं निमूटपणे चालवायचा. पण एकदा का रेंडर लावून मी आडवी झाले, की स्वारी तापणार, पंखा घरघरणार आणि सत्तर टक्क्यांवर येऊन स्क्रीन काळी. सकाळी आई चहाचा कप ठेवत विचारणार, "झालं का गं तुझं चित्र?"

चित्र म्हणजे थ्रीडी व्ह्यू. दिवसा मी लोअर परळच्या एका आर्किटेक्टकडे नोकरी करते. रात्री आणि वीकएण्डला डोंबिवलीच्या घरात बसून इंटिरियर डिझायनर्सना व्ह्यूज करून देते. अजून न बांधलेल्या हॉलमध्ये सोफा, सोफ्यावर चार वाजताचं ऊन, कोपऱ्यात एक मनीप्लँट. हा नुसता पॉकेटमनीचा मामला नाही हं. सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला पडली, की नोकरी सोडून इथेच स्वतःचा छोटासा स्टुडिओ थाटायचा, असा माझा सिक्रेट प्लॅन आहे. ऑफिसात कुणाला माहीत नाही. (आता झालं म्हणा!)

तर २०२५च्या जानेवारीत ठरवलं, आता खराखुरा वर्कस्टेशन लॅपटॉप घ्यायचा. गेमिंगवाला का नाही, असं मित्रांनी विचारलं. गेमिंगवाला स्वस्तात वेगवान मिळतो, खरंय. पण वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअर्ससोबत तपासून, सर्टिफाय केलेले असतात. अनेक मॉडेल्समध्ये तळ उघडून रॅम वाढवता येते. आणि तासन् तास फुल लोडवर चालण्याचा विचार करूनच ते बनवलेले असतात. माझ्या कार्डाची मेमरी होती ४ जीबी. चार खोल्या आणि दोन झाडं टाकली की 'आउट ऑफ मेमरी'!

पण माझा मुहूर्त बघा. त्याच जानेवारीत लास व्हेगासच्या टेक्नॉलॉजी मेळ्यात एनव्हिडियाने नव्या पिढीची ग्राफिक्स कार्ड्स जाहीर केली. डेलने तर आपल्या वर्कस्टेशन्सचं 'प्रिसिजन' हे जुनं नावच बदलून 'प्रो मॅक्स' केलं. म्हटलं, थांबूया. मार्चमध्ये त्याच नव्या पिढीची खास वर्कस्टेशनसाठीची कार्ड्स जाहीर झाली, लॅपटॉपवालीसुद्धा. म्हटलं, आता तर थांबायलाच हवं. मग ती लॅपटॉपमध्ये बसून बाजारात कधी येणार, किंमत काय असणार, हवं ते कॉन्फिगरेशन मिळणार का... पावसाळा संपला, गणपती येऊन गेले, मी रिव्ह्यूज वाचतेच आहे!

दसऱ्याच्या आधी एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिसऱ्याच दुकानात मला 'तो' दिसला. मागच्या पिढीचा वर्कस्टेशन. ३२ जीबी रॅम, वाढवायला एक स्लॉट रिकामा, ग्राफिक्सला ८ जीबी, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी. वजन पावणेतीन किलो आणि चार्जरची वीट वेगळी. डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात हे धूड घेऊन चढायचं म्हणजे खायचं काम नाही! पण किंमत? २,८५,००० खोडून १,६८,०००.

"घेऊन टाका मॅडम, नवीन स्टॉक आला की हा पीस मिळायचा नाही," शेठ म्हणाले.

आणि मी माझं लॉजिक लढवलं. नवीन स्टॉक आला तर हा आणखी स्वस्त होईल ना? कम्प्युटरचे भाव उतरतातच, हा जगाचा नियम. शेठचं कार्ड घेतलं आणि परत आले.

दिवाळी झाली आणि नाशिकच्या एका डिझायनरचा फोन आला. बंगल्याचा दीड मिनिटाचा वॉक-थ्रू हवा, आठ दिवसांत, साठ हजार देते. मी कॅल्क्युलेटर काढला. दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे २,२५० फ्रेम्स. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला सहा मिनिटं. एकूण २२५ तास. म्हणजे नऊ दिवसांहून जास्त, एक मिनिटही न थांबता. आणि आमचे महाराज तर रात्री दोनला झोपतात!

नाही म्हणाले. फोन ठेवला आणि का कोण जाणे, जानेवारीपासून कुठली कुठली कामं सोडली ते वहीत लिहून काढलं. बेरीज आली १,४१,०००. पुढची पंधरा मिनिटं मी नुसती त्या आकड्याकडे बघत होते. किंमत उतरेल म्हणून जी काही वाट बघितली, तिचं बिल हे असं निघालं होतं.

बाय द वे, 'थांबावं की घ्यावं' या प्रश्नावर चक्क एक शोधनिबंध आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये गमतीगमतीत लिहिलेला. कम्प्युटरची ताकद दर दीड वर्षाला दुप्पट होते असं धरलं, तर आत्ताचं मशीन घेऊन लगेच कामाला लागायचं, की आराम करून पुढे वेगवान मशीन घ्यायचं? त्यांचं उत्तर होतं २६ महिने. आजच्या मशीनवर तुमचं गणित सुटायला २६ महिन्यांहून जास्त लागणार असतील, तरच थांबण्यात फायदा. त्याहून लहान काम असेल, तर आत्ताच सुरू करा.

माझं काम नऊ दिवसांचं होतं. आणि मी थांबले होते दहा महिने.

रविवारी बाबांना हे सगळं सांगितलं. शेवटी नेहमीची टेप लावली, "पण अजून दोन महिने थांबले तर बाबा..."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी चेतक बुक केली १९७९ साली. आली १९८६ला. बुक केली तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. आली तेव्हा तुझी आई मागे बसली."

"तेव्हाची गोष्ट वेगळी हो बाबा. तेव्हा वेटिंग लिस्टच होती."

"तेच म्हणतोय. मला मिळत नव्हती म्हणून मी थांबलो. तुला दुकानात मिळतंय, तरी तू थांबलीयस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बाबांना सांगण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप नव्हता तोवर माझी एक मस्त सोय होती. स्टुडिओ का नाही? मशीन नाही ना! मशीन आलं की पुढचा प्रश्न थेट राजीनाम्याचा. त्याची मला जाम भीती वाटत होती आणि नवं मॉडेल हा त्यावरचा झकास बहाणा होता. निदान ही भीती तरी मार्चच्या मॉडेलने जाणार नव्हती.

डिसेंबरात पुन्हा लॅमिंग्टन रोड. तोच पीस, पण किंमत १,८४,०००. "शेठ, हे काय? जुनं मॉडेल आणि महाग?" मधल्या काळात माझा जगाचा नियम उलटला होता. एआयच्या डेटा सेंटर्ससाठी मेमरी चिप्सची प्रचंड उचल सुरू झाली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरातच ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा रॅमचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. थोडक्यात, माझ्या हुशारीची किंमत वरचे सोळा हजार. घासाघीस करून शेठनी एक बॅग फुकट दिली. चार हजार खात्यात कमी पडत होते, ते बाबांनी न विचारता टाकले.

थांबूच नये असं नाही म्हणत मी. हातातलं मशीन रोजचं काम नीट करत असेल, तर खुशाल थांबा. नवं मॉडेल दोन-चार आठवड्यांत दुकानात येणार हे नक्की असेल आणि त्यातलंच काहीतरी तुम्हाला खरंच लागणार असेल, तरी थांबा. पण आधी एक वही घ्या आणि थांबल्यामुळे काय काय हातचं गेलं ते लिहून काढा. बेरीज डिस्काउंटपेक्षा मोठी आली, तर ग्रँट रोडला उतरा.

आता माझी फ्रेम पन्नास सेकंदांत होते. रात्री दोन वाजता मी गाढ झोपलेली असते आणि तो काम करत असतो. नाशिकचं काम गेलं ते गेलंच, पण त्याच डिझायनरचा जानेवारीत पुन्हा फोन आला. त्याच आठवड्यात लास व्हेगासचा मेळाही भरला होता.

"काय गं, नवीन मॉडेल्स आली म्हणे," बाबा पेपरातून डोकं वर काढत म्हणाले.

"आली असतील बाबा. मला उद्या डिलिव्हरी आहे."

सहापैकी चार महिन्यांचा पगार जमलाय. राजीनामा अजून दिलेला नाही. पण २०२६च्या कालनिर्णयवर, जूनच्या पानावर, आई दुधाचे खाडे लिहिते त्याच चौकटीत मी लाल पेनाने एक गोल केलाय. आईने विचारलं, "हा कसला गं खाडा?"

सांगितलं तिला.