बावन्न, शेहेचाळीस, अठ्ठावन्न

ऑगस्ट २०२३ मध्ये माझं वजन ४६ किलो होतं आणि साताऱ्यात मला जो भेटेल तो माझं कौतुक करत होता. स्टाफरूममध्ये विचारणा व्हायची, "मॅडम, डाएट कोणतं करता? आम्हालाही सांगा की!" मी हसल्यासारखं करायची. खरं म्हणजे घास गिळवत नव्हता. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत मी छताकडे बघत पडायची. नववीच्या वह्यांचे दोन गठ्ठे महिनाभर पिशवीतच होते. जगणं नकोसं झालंय, हे मी घरातसुद्धा कोणाला बोलले नव्हते.

शेवटी आमचे हेच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डिप्रेशनचं निदान झालं आणि मर्टाझापीन सुरू झालं. १५ मिलिग्रॅमची एक गोळी, रात्री झोपताना. पहिल्याच रात्री मी सात तास झोपले. सकाळी सासूबाईंनी लावलेल्या कुकरच्या शिट्टीने जाग आली, तेव्हा किती वाजलेत हे कळायलाच वेळ लागला. त्या झोपेचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात भूक आली. ही भूक नेहमीची नव्हती. जेवून दोन तास होत नाहीत तोच मी अंधारात स्वयंपाकघरात उभी असायची. शिळी पोळी, तूप, साखर. ते संपलं की डब्यातले शेंगदाणे आणि गूळ. पोट भरल्याचं कळायचं, पण हात थांबायचा नाही. मला वाटायचं, माझा जिभेवरचा ताबा सुटलाय. हे औषध शरीरातल्या हिस्टामिनचं काम अडवतं, त्यानेच झोप येते आणि त्यानेच भूकही वाढते, हे मला फार उशिरा कळलं. आधी कोणी सांगितलं असतं, तर रात्रीच्या त्या पोळीसाठी मी स्वतःला इतकं बोल लावलं नसतं.

एप्रिलपर्यंत काटा ५८ वर गेला. ब्लाऊजच्या शिवणी उसवून आतलं कापड सोडून झालं, तरी हूक लागेनात. मे महिन्यात घरात लग्न होतं. नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तब्येत चांगलीच सुधारली की!" तिच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे तब्येत म्हणजे अंगही आणि प्रकृतीही. माझी प्रकृती खरोखर सुधारली होती. मी वर्गात पुन्हा शिकवत होते, मुलांवर रागावत होते, हसत होते. ते मात्र कोणाच्या नजरेत भरलं नव्हतं.

डॉक्टरांना वजनाबद्दल विचारलं. लिहिता लिहिता मान वर न करता ते म्हणाले, "जीव वाचला ना? वजनाचं काय घेऊन बसलात!" त्यांच्या औषधाने मी उभी राहिले होते, म्हणून उलटून बोलवलं नाही. घरी येऊन कोणालाही न सांगता मी गोळी बंद केली.

पहिल्या चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मळमळ, घाबरल्यासारखं वाटणं. आठवड्याभरात ते ओसरलं आणि मला वाटलं, सुटले. जूनमध्ये शाळा सुरू झाली. जुलै उजाडला तेव्हा पहाटेचे तीन परत आले होते. एकदा फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय शिकवायचं तेच सुचेना. खडू हातात घेऊन मी पोरांकडे पाठ करून उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही.

साड्यांच्या कपाटात यांना गोळ्यांच्या भरलेल्या दोन स्ट्रिप्स सापडल्या. हे रागावले नाहीत. "मला सांगायचं होतंस गं," एवढंच म्हणाले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या मॅडमनी आधी काट्यावर उभं केलं. मग विचारलं, आजाराआधी वजन किती होतं? आजारात किती? गोळ्या चालू असताना सर्वांत जास्त किती? कागदावर त्यांनी तीन आकडे लिहिले. ५२, ४६, ५८. म्हणाल्या, "बारा किलो वाढले म्हणता, त्यातले सहा तुमचेच होते. आजाराने नेले होते, ते परत आले. राहिलेल्या सहांचं आपण बघू." मला तिथेच रडू आलं. त्यांनी माझ्या वाढलेल्या किलोंना क्षुल्लकही म्हटलं नाही आणि आपत्तीही नाही.

थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं. थायरॉइड मंदावलं तर वजनही वाढतं आणि मनही खचतं, म्हणून. मग सर्ट्रालीन सुरू केलं. नुकत्याच, जुलै २०२४ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. १ लाख ८३ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी, डिप्रेशनची आठ औषधं. सहा महिन्यांनंतर सर्ट्रालीनच्या तुलनेत बाकीच्या औषधांवर वजनातला सरासरी फरक अर्ध्या किलोच्याही आतला. मर्टाझापीन त्या आठांत नव्हतं. सरासरीत आपण कुठे बसू हे आधी कळत नाही, म्हणून दर महिन्याला वजन करायचं आणि बदलायचं असेल तर बोलून, हळूहळू बदलायचं, असं ठरलं.

पहिले दोन आठवडे पोट बिघडलं, मळमळलं. पुढे सावकाश मन सावरलं. नोव्हेंबरपासून मी सकाळी साताऱ्यातल्या टेकडीवरच्या 'चार भिंती'पर्यंत चढून जाऊ लागले. आजाराच्या ऐन भरात मला सगळे सांगत, "रोज चालायला जा, बरं वाटेल." अंथरुणातून पाय खाली ठेवता येत नाही त्या माणसाला असं सांगणं क्रूर आहे. मी चालू शकले ती गोळीने सावरल्यावर.

आता ५५ किलो आहे. ५२ चे ब्लाऊज मी देऊन टाकले. गोळी चालू आहे.

गेल्या महिन्यात शाळेतली एक तरुण शिक्षिका मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसली. पर्समध्ये तिची नवी चिठ्ठी होती, गोळ्या अजून आणल्या नव्हत्या. तिने हळूच विचारलं, "ताई, जाड होते का हो मी याने?" मी 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं, गोळ्या आज आण, आणि हाच प्रश्न डॉक्टरांना विचार, उत्तर मिळेपर्यंत विचार. मग डबा बाजूला सारून तिच्या वहीचं मागचं पान उघडलं. "आज वजन किती आहे तुझं?" तिने सांगितलं. "आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी?"

तो आकडा तिला आठवेना. आम्ही तिच्या मोबाइलमध्ये जुने फोटो शोधत बसलो, घंटा होईपर्यंत.