दिव्याची काच

दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस होता, उत्तम मार्दवाचा. वापीला संध्याकाळचं प्रवचन ऐकून आम्ही दोघं सिल्वासाला परत येत होतो. विषय अर्थातच अहंकार सोडण्याचा. प्रवचन चांगलं झालं होतं आणि त्यावर बोलत बोलतच आमचा रस्ता चालला होता.

भाद्रपद असला तरी आमच्याकडचा पाऊस अजून हटलेला नव्हता. दादरा मागे पडलं. पिपरियाच्या बाजूला कारखान्यांची पाळी सुटलेली, समोरून ट्रकांची रांग, त्यांच्या दिव्यांनी ओला रस्ता नुसता चकाकत होता. आणि एकदम डाव्या हाताला, अगदी बोनेटला लागून, दोन बायका दिसल्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात डबे. यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली आणि थांबली. त्या दोघी कडेच्या चिखलात उडी मारून उभ्या होत्या. एकीचा डबा रस्त्यावर पडून उघडला होता. मी काच खाली करून काही बोलेपर्यंत तिने डबा उचलला आणि त्या चालायलाही लागल्या. मागून हॉर्न वाजायला लागले. आम्ही निघालो.

पुढचे पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मीच तोंड उघडलं.

"अहो, तुम्हाला दिसल्या कशा नाहीत?"

"दिव्यात उजेड कुठाय? नुसता धुरकट पिवळा."

"दिवे तर लागलेले होते. डोळे तपासून घ्या म्हणून वर्षभर सांगतेय मी."

"माझे डोळे ठीक आहेत. तुला गाडीतलं काय कळतं?"

झालं! मार्दवाचं प्रवचन वापीतच राहिलं. त्या दिवशी माझं एकाशन होतं, पण राग मात्र मी रात्री उशिरापर्यंत गिळत बसले. त्या बाईला लागलं असतं तर, हा विचार दोघांच्याही मनात होता. भांडत मात्र होतो आम्ही चूक कोणाची यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले कंपनीच्या बसने. गाडी दारातच होती. मी कधी नव्हे ते तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बारा वर्षं या गाडीत बसतेय, पण तिच्या तोंडाकडे असं निरखून कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही दिव्यांवर पिवळट साय धरलेली. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. आतला बल्ब दिसेना. आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता तेव्हा बुबुळ असंच दिसायचं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हिचं पण ऑपरेशन करून घ्या."

म्हणजे दिव्यांबद्दल यांचं म्हणणं खरं होतं. पण ते लगेच कबूल करण्याइतकं मार्दव माझ्यात कुठून येणार?

ज्याला आपण 'हेडलाइटची काच' म्हणतो ती काच नसतेच, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. माझ्या सासऱ्यांकडे सांगलीला प्रीमियर पद्मिनी होती, तिचे गोल दिवे खरोखरच काचेचे. दगड लागला तर फुटायचे, पण पिवळे कधी पडले नाहीत. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, पाण्याचे मोठे जार ज्याचे करतात तेच. हे प्लास्टिक १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. आमचं सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं १९५४ साली, त्याच्या आदल्याच वर्षी. वजनाला हलकं, हवा तो आकार घेणारं आणि सहजासहजी न फुटणारं. दोष एकच, ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक थर चढवतात. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून, धूळ आणि खडी खाऊन तो थर विरतो, तडकतो, आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. बायकांना हे समजावून सांगायला नको. दारात वाळत टाकलेल्या चादरीचा रंग कुठे जातो ते आपल्याला ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या 'ए.ए.ए.' या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली अशा जुन्या दिव्यांची तपासणी केली होती. नव्या दिव्याच्या मानाने त्यांतून सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत होता. उरलेला उजेड त्या सायीत अडकतो नाहीतर भलतीकडे पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. आणखी एक गोष्ट वाचली आणि अंगावर काटा आला. आपल्याकडे डाव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून 'डिप्पर'चा झोत डावीकडे मुद्दाम थोडा वर उचललेला असतो. का, तर रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं दिसावीत. म्हणजे आमच्या दिव्याने नेमकी त्या दोघींचीच बाजू सोडून दिली होती.

गॅरेजमध्ये विचारलं तर दोन्ही दिवे बदलायचे अकरा हजार सांगितले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जास्त उजेडाचा पांढरा बल्ब टाका, काम होईल." पण पडदा मळलेला असताना दिवा मोठा करून काय उपयोग? उजेड आणखी पसरणार आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार. बहीण म्हणाली, टूथपेस्ट लावून घास. तेही करून पाहिलं. दिवे चमकले आणि मला वाटलं, जिंकले! पंधरा-वीस दिवसांत साय पुन्हा हजर. टूथपेस्ट वरवर घासते, पण उन्हापासून राखण करत नाही.

दरम्यान क्षमावाणी आली. आम्ही दोघांनी एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं. दरवर्षी म्हणतो तसंच.

ऑक्टोबरात पाऊस उघडला. एका रविवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून आठशे, हजार, दोन हजार आणि तीन हजार नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, मास्किंग टेप आणि ऊन सोसणाऱ्या क्लिअर कोटचा स्प्रे आणला. सगळं मिळून हजाराच्या आत. दुकानदाराने विचारलं, "साहेबांनी मागवलंय का?" मी नुसती हसले.

आधी दिवे साबणाच्या पाण्याने धुतले. आजूबाजूच्या रंगावर टेप चिकटवली, नाहीतर वॉटर पेपर पत्र्याचा रंगही खरवडतो. मग आठशेचा कागद पाण्यात भिजवून आडवा घासायला सुरुवात केली. पाणी सतत हवं. पहिल्यांदा पिवळसर दुधाळ पाणी ओघळलं, तो सगळा विरलेला जुना थर. ओघळ पांढरा होईपर्यंत घासायचं. पण पुसून बघते तर काय, दिवा आधीपेक्षाही आंधळा झालेला! दुधाच्या पिशवीसारखा पांढराफटक. माझे हातपायच गळाले. अकरा हजारांचा खड्डा डोळ्यांसमोर आला.

हे पेपर वाचत बसले होते ओट्यावर. उठून आले. काही बोलले नाहीत. दुसरा कागद भिजवून दुसऱ्या दिव्यापाशी बसले.

"हा आडवा घासलास ना? मग पुढचा उभा घास. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं," एवढंच म्हणाले. कारखान्यात मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. हे मला सुचलं नसतं.

हजार, मग दोन हजार, मग तीन हजार. प्रत्येक कागदाचे ओरखडे त्याच्या पुढचा बारीक कागद पुसत जातो. शेवटी कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन गोल गोल घासलं आणि हळूहळू आतला बल्ब दिसायला लागला. सासूबाईंनी टाळी वाजवली. पण इथे थांबायचं नाही. वरचा थर आपण काढलेला असतो, प्लास्टिक आता उघडं पडलेलं असतं. तसंच सोडलं तर काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट. म्हणून स्पिरिटच्या फडक्याने पुसून, कोरडं करून, मोकळ्या हवेत नाकाला फडकं बांधून क्लिअर कोटचे दोन पातळ हात दिले. थिनर मात्र चुकूनही लावू नका, या प्लास्टिकला त्याने तडे जातात. आणि दिव्याच्या आतच पाण्याचे थेंब साचत असतील किंवा काच तडकली असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका. तो दिवा बदलावाच लागतो.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावून दिवे लावले. भिंतीवर झोताची कड स्वच्छ उमटली, डावीकडे वर चढत गेलेली. "घ्या," मी म्हटलं, "तुमचंच खरं होतं. दिवेच गेले होते."

हे गप्प. मग आम्ही खानवेलच्या रस्त्याला एक फेरी मारून आलो. मला झाडांच्या बुंध्यांवरचे पांढरे पट्टे लांबवर दिसत होते. यांनी मात्र वळणापाशी गाडी अगदीच हळू केली. समोरून एक मोटारसायकल आली तसे डोळे बारीक केले. घराजवळ आल्यावर, गाडी बंद करून, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले,

"दिवे चांगले झालेत. तरी मला समोरच्या दिव्याभोवती वलय दिसतंय."

मला त्या क्षणी 'मी सांगत नव्हते?' असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "उद्या आईंच्या डॉक्टरांकडे जाऊ."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. डिसेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत दुसऱ्याचं. तोवर रात्रीची गाडी बंद. बाहेर जायचं ते दिवसा, नाहीतर रिक्षाने.

लहानपणापासून अनेकान्ताची गोष्ट ऐकत आले, हत्ती आणि सात आंधळ्यांची. प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा एकेक भाग लागलेला आणि प्रत्येकजण तोच अख्खा हत्ती समजून भांडणारा. बालपाठशाळेत मी ती मुलांना शिकवलीसुद्धा आहे. पण त्या रात्री गाडीत आम्ही दोघं त्या आंधळ्यांपैकीच होतो. दिवेही गेले होते, डोळेही गेले होते. यांना दिव्यांचं कळत होतं कारण त्यात यांची चूक नव्हती, आणि मला डोळ्यांचं कळत होतं कारण त्यात माझी नव्हती.

एक गोष्ट मात्र राहूनच गेली. आम्ही एकमेकांना क्षमा मागितली, प्रवचनाला भेटलेल्या सगळ्यांना मागितली, मोबाइलवर चारशे जणांना निरोप पाठवले. ज्या दोघी चिखलात उडी मारून वाचल्या, त्यांना नाही मागितली. त्या कोण, कुठल्या पाड्यावरच्या, कोणत्या कारखान्यातल्या, काही ठाऊक नाही. त्या डब्यात दुसऱ्या दिवशीचं कालवण होतं की घरच्या पोरासाठी काही राखून ठेवलेलं, तेही नाही.

आता महिन्यातून एकदा, रविवारी, मी दोन्ही दिव्यांवरून बोट फिरवून बघते. खरखर लागली की वॉटर पेपर भिजत घालायचा. पिपरियाला पाळी सुटायच्या वेळी आम्ही वेग कमी करतो आणि दोघंही डाव्या कडेला बघत राहतो.