बोहारणीची नजर

कापड विणणाऱ्याला कापडाची सुरुवात ठाऊक असते, वापरणाऱ्याला मधला काळ. शेवट ठाऊक असतो तो जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला. टळटळीत दुपारी डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत गाठोडं घेऊन ती दारात बैठक मारते आणि परीक्षा सुरू होते. पॅन्ट उलटी करून बुडाचा भाग उजेडाकडे धरते. शर्टाची कॉलर मोडून बघते. साडी दोन्ही मुठींत पकडून कचकन ओढते. कापड टिकलं तर गाठोड्यात, चर्र झालं तर परत मालकिणीच्या मांडीवर. मानेजवळचं लेबल कुठल्या कंपनीचं आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. मॉलमधून आणलेल्या, चार वेळा घातलेल्या टॉपला "ताई, याचं काही येत नाही" म्हणून तिनं चहाच्या गाळणीइतकाही मान दिला नाही, की घरातल्या तरुण मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि आजोबांच्या धोतरावर मात्र तिचा हात मायेने फिरतो.

खऱ्या जरीच्या साड्यांचा हिशोब वेगळाच असायचा. त्यांचे काठ-पदर जाळून चांदी काढून घेणारे लोक होते. म्हणजे साडी पार फाटली तरी तिच्यात काहीतरी उरायचं, आणि ते काय उरेल हे घेणाऱ्याला घेतानाच माहीत असायचं.

मला बोहारणीचा हेवा वाटतो तो याचसाठी. आपण सगळे कपड्याकडे पहिल्या दिवसाच्या बाजूने बघतो. ती शेवटच्या दिवसाच्या बाजूने बघते. कपड्याच्या आयुष्यात खरेदी हा सगळ्यात छोटा प्रसंग; आपण तोच मोठा करून ठेवला आहे.

आमच्या आज्यांच्या घरात लुगड्याला वय असे. आधी ते सणाचं, मग बाहेर जायचं, मग घरात नेसायचं. मधोमध विरलं की दंड घालायचा: विरलेला पट्टा कापून काढायचा, उरलेले धड तुकडे जोडायचे आणि जोड निरीत दडवायचा. त्यानंतर एखाद्या नातीचा परकर निघे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या भागाची बाळाची दुपटी होत. तान्ह्या अंगाला नवं कापड बोचतं, म्हणून जगात आलेल्या जिवाला पहिल्यांदा गुंडाळलं जाई ते जुन्या लुगड्यात. बाकीचं गोधडीच्या पोटात जाई. तिथूनही जे उरे त्याचं हातपुसणं, मग मसोतं, आणि अखेर पोतेरं.

पण यात फार भक्तिभावाने रमू नये. हे सगळं शहाणपण होतं तसाच नाइलाजही होता. दोन लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या बाईला कुणी तिची आवड विचारली नव्हती. आणि कुणी काय नेसायचं, कसं नेसायचं हे तर पुष्कळदा जातच ठरवत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडं नेसण्याची रीत बदलायला सांगितलं. गुडघ्यापर्यंतचं नेसणं, हातागळ्यातले कथलाचे नि चांदीचे ठरावीक दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी नेसणं बदललं. घोटा झाकणारी लुगड्याची ती कड म्हणजे छानछोकी नव्हती, स्वाभिमान होता.

तेव्हा 'साधं राहा' हा उपदेश कोण कुणाला करतं आहे, हे आधी बघावं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कपाट आलं आहे, त्यांना कपाट रिकामं ठेवण्याचे फायदे सांगणं हा उद्धटपणा आहे. नव्या कपड्यावर माझा राग नाही. नव्या घडीचा वास मलाही आवडतो. फरक मला दिसतो तो इतकाच, की महाडच्या बायकांनी घेतला तो निर्णय होता. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या आपला अंगठा जे करतो, त्याला निर्णय म्हणवत नाही.

फॅशनचं वेड आजचं नाही. १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि मोठमोठे ठिपके गावोगावच्या पोरींच्या अंगावर उतरले. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि माधुरीच्या त्या जांभळ्या साडीने लग्नाचे हॉल भरून गेले. पण त्या लाटेला वाटेत बरेच थांबे होते. सिनेमा आधी मुंबईत लागायचा, मग जिल्ह्याला, मग तालुक्याच्या टॉकीजमध्ये. तो बघून झाला की तसं कापड दुकानात येण्याची वाट बघायची. कापड मिळालं की शिंपी.

महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना मोहापासून कुणी वाचवलं असेल, तर ते संतांच्या खालोखाल शिंप्यांनी. "परवा या." "फक्त काजं-बटणं राहिलीत." "वीज नव्हती हो." दिवाळीच्या तोंडावर तर नवं काम घेणं बंद, तशी पाटीच दुकानावर लागायची. त्या परवा-तेरवात उत्साहाला ओहोटी लागायची, आणि ओहोटीनंतरही जी हौस शिल्लक राही ती खरी. शिवाय शिंपी शिलाईत बोटभर माया ठेवायचा. पुढे पोट सुटलं तरी शर्ट सुटत नसे. उसवा, वाढवा, पुन्हा घाला. आजचा तयार टॉप उलटा करून पाहा: ओव्हरलॉकची टीप अगदी काठाला चिकटून मारलेली. वाढायला जागाच नाही, कारण तो तुमच्याबरोबर वाढेल अशी कुणाची अपेक्षाच नाही.

मधले थांबे कुणीतरी एकेक करून काढून टाकले. १९७५ मध्ये स्पेनमधल्या आ कोरुन्या शहरात 'झारा'चं पहिलं दुकान उघडलं. कागदावरचं नवं डिझाइन काही आठवड्यांत दुकानातल्या हँगरवर लावून दाखवण्याची किमया या कंपनीने साधली आणि साऱ्या धंद्याला ती शिकावी लागली. मागून आलेल्या ऑनलाइन कंपन्यांनी आठवड्यांचे दिवस केले. वर्षाचे दोन-चार हंगाम असायचे, त्यांचा आता पत्ता नाही. एवढ्या वेगाला कापूस पुरा पडत नाही. जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिस्टर आहे, आणि ते येतं खनिज तेलातून.

कापसाची चाल वेगळी. विदर्भात पावसाबरोबर सरकी टोबली जाते. बोंडं फुटायला दसरा-दिवाळी उजाडते. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात, मग वेचणाऱ्या बायकांची बोटं कामाला लागतात. एका झाडावरचा सगळा कापूस एका दिवशी फुटत नाही. फिरून फिरून वेचावा लागतो. मग जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, सूत निघतं, इचलकरंजी-मालेगावच्या मागांवर कापड होतं. इतक्या हातांनी इतके महिने घडवलेली वस्तू आपण बसथांब्यावर उभं राहून बस यायच्या आत मागवतो.

घाई आपली असते, पण तिचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात असतं. ढाक्याजवळच्या साभार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. अकराशेहून अधिक माणसं मेली. बहुतेक कपडे शिवणारी. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशीच दिसलं होतं. खालची बँक आणि दुकानं त्या सकाळी बंद राहिली. शिवणाऱ्यांना मात्र वरच्या मजल्यांवर चढवण्यात आलं, कारण परदेशी पाठवायचा माल वेळेत जायचा होता. त्या मालाची इतकी तातडी नेमकी कुणाला होती, हा प्रश्न मी बरेच दिवस इतरांना विचारत असे. हल्ली स्वतःच्या कपाटाला विचारते.

दुकानदाराची लबाडी जुनीच आहे. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गादीवर बसलेला विक्रेताही "ताई, हा शेवटचा पीस" म्हणायचाच, आणि आपली पाठ वळली की तसाच दुसरा पीस फळीवर चढायचा. पण त्याला तुमच्या डोळ्यांत बघून ते म्हणावं लागे. वीस साड्या उलगडून त्याचे हात दुखत. कधीतरी शटर खाली येई. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणं ही पुण्याने गिऱ्हाइकांवर केलेली थोर कृपाच म्हणायची. हातातल्या फोनला शटर नाही. 'फक्त २ शिल्लक', 'ऑफर संपायला १० मिनिटं', आणि नको म्हणायचं तर 'नाही, मला बचत करायची नाही' अशा अपमानास्पद बटणावर बोट ठेवायचं. ही सारी ठरवून रचलेली कलाकुसर आहे, हे आता सरकारदप्तरीही मान्य झालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई दाखवणं हा त्यातला एक, नकार देणाऱ्याला ओशाळं करणं हा दुसरा. नियम झाले, घाई अजून आपल्या खिशात आहे.

लाटेला सौंदर्याचं वावडं नसतं, हेही कबूल करायला हवं. खणाचंच बघा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा तो अरुंद पन्ह्याचा, काठाचा खण आपल्याकडे चोळीला आणि देवीच्या ओटीला. काही वर्षांपूर्वी तो एकदम साडीत, कुर्त्यात, पर्समध्ये, दाराच्या तोरणात शिरला. सुंदर दिसला. मग त्याच्या पॉलिस्टरच्या नकला आल्या, त्या नकलांची छापील नक्कल आली, आणि एका हळदीकुंकवात निम्म्या बायका एकाच कापडात दिसू लागल्या. वेगळं दिसायचं आणि चारचौघींत सामावूनही जायचं, या दोन ओढींवर फॅशन जगते, असं गेओर्ग झिमेल हा जर्मन विचारवंत १९०४ मध्ये सांगून गेला. ती सगळ्यांपर्यंत पोचली की संपते. लाट ओसरल्यावरही जिला आपला खण घालावासा वाटतो, तिने खण घेतला होता. बाकीच्यांनी लाट घेतली होती.

म्हणून दुकानात मी बोहारणीची नजर उसनी घेते. कपडा आधी उलटा करते. टिपा सरळ आहेत का, माया आहे का, खिशाला अस्तर कसलं लावलंय. कोपरा मुठीत चुरगळून सोडते. उजेडाकडे धरते. विक्रेती मुलगी चमत्कारिक नजरेने बघते, बघू दे. आणि मग माझा शेवटचा, जरा विचित्र प्रश्न: याने कधीतरी फरशी पुसता येईल का? सुती कापड म्हातारं होताना पाणी प्यायला शिकतं. चकचकीत पॉलिस्टर ते जन्मभर नुसतं इकडून तिकडे ढकलतं; त्याचं धड पोतेरंही होत नाही. अर्थात हा नियम मी सोवळ्यासारखा पाळत नाही. स्टार्च-इस्त्रीच्या जाचातून नोकरदार बायकांना सोडवलं ते सिंथेटिक साड्यांनीच, आणि त्यांतल्या कित्येक वीस-वीस वर्षं नेसल्या गेल्या. धाग्याची जात महत्त्वाची नाही. आपण त्याला किती वर्षांची सोबत देणार, हे महत्त्वाचं.

फोनवर आवडलेलं काही असेल तर ते वहीत लिहिते. रंग, किंमत, घरातल्या कशावर घालणार. शिंपी गेला, तर त्याचा 'परवा' निदान वहीने सांभाळावा. महिना उलटून वही उघडली की गंमत वाटते. इतक्या आतुरतेने टिपलेल्या बहुतेक ओळी कशाबद्दल होत्या, तेही आठवत नाही. एखादी मात्र महिन्यामागून महिने हटत नाही. ती वस्तू मी आनंदाने, घासाघीस न करता घेते. वाचलेल्या पैशांतून रफूवाल्याकडे आणि अल्टरेशनवाल्याकडे जाते. सैल झालेला कुर्ता अंगाबरोबर बसला की नव्याइतकंच सुख मिळतं, आणि कोपऱ्यावरच्या त्या माणसाचं मशीन चालू राहतं.

खरी अडचण पैशाची नाहीच, फोटोची आहे. एकदा फोटोत आलेली साडी पुन्हा कशी नेसायची, ही भीती आपल्या घरांत अलीकडे शिरली. आईच्या पिढीची एकच ठेवणीतली पैठणी सगळ्या भाचरांच्या लग्नांत मिरवली, आणि अल्बममध्ये ती पैठणी बघूनच आम्ही आईला ओळखत आलो. तिला कुणी हसलं नाही. मग आपल्यालाच इतकं लाजायला काय झालं? येत्या लग्नसराईत कुणी मावशी पदर हातात घेऊन विचारील, "ही मागच्या वर्षी श्रीवर्धनला नेसलेलीच ना गं?" त्यावर सबबी शोधू नयेत, खरंच घाईत होते वगैरे सांगू नये. ताठ मानेने म्हणावं, "हो मावशी, तीच. आणि पुढच्या वर्षीही हीच."